अर्धा कोयता

तिसगाव, रविवार, फेब्रुवारी १९९६

आज भाच्याचा सत्कार झाला. लंडनात त्यानं सोताची पेढी काढली, देशोदेशीच्या कंपन्यांना भांडवल उभं करून देतो म्हनं. माइकवर म्हनला, "मी एकट्याच्या हिमतीवर वर आलो."

एकट्याच्या! शिसारी आली. दाजी गेल्यावर माझी भन, याची आई, एकटीच उसतोडीला जायची. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हनत्यात. हिला मुकादम अर्धा कोयता म्हनायचा. त्या अर्ध्यावर ह्यो शिकला. आन म्हनं एकट्याच्या.

ती खाली सतरंजीवर बसल्याली. मी स्टेजवरनं उतरून म्हनलो, "सखू, ऊठ. चल वर."

"ऱ्हाऊ दे दादा. लेकाला बोलू दे."

मंग मी बी वर जाऊन मुकाट मामाच्या मानाचा फेटा बांधून घेतला. माझ्याच थोबाडात हानायला पायजे हुतं.