आरमार आणि नारळ

हार्लेम, १२ सप्टेंबर २००६

तीर्थस्वरूप दादांना प्रतापचा शि. सा. नमस्कार वि. वि.

परवा रविवारी सकाळी पूजा आटोपून सायकलने नदीकाठी गेलो. तिथे सपाट बुडाची एक जुनी होडी होती. शेजारच्या डच आजोबांनी सांगितलं, १५८८ साली स्पेनचं आरमार इंग्लंडवर निघालं, तेव्हा आम्हा डचांच्या असल्या होड्यांनीच त्याचा बेत मोडला. जहाजं समुद्रात, सैन्य किनाऱ्यावर. उथळ पाण्यात मोठी जहाजं येईनात आणि सैन्य घेऊन निघालेल्या लहान पडावांना या होड्या बाहेर पडू देईनात. दोघांनी भेटायचं कुठे, हे कुणी नीट ठरवलंच नव्हतं. वादळ नंतरचं. सातवीत आमचे मास्तर म्हणून तुम्ही मात्र ‘वादळाने बुडाले’ एवढंच लिहून घेतलंत आणि मला पैकीच्या पैकी दिलेत!

हसलो खरा, पण आमच्या कामाचंही हेच झालंय. इथल्या एका हॉस्पिटलसाठी औषधांचं सॉफ्टवेअर करतोय. डॉक्टरांनी औषध लिहायचा भाग आमच्या पुण्याच्या ऑफिसने केला, औषध काढून द्यायचा इथे. दोन्ही जोडून मी एकदाच चाचणी घेतली, तर अर्ध्या गोळीच्या पाच झाल्या. आमचे साहेब शशिकांत म्हणतात, किरकोळ आहे, दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायचं. मी वयाने मोठा, रोज गंध लावणारा, म्हणून नारळ मी फोडायचा. लेखी हरकत दिली, ती त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली. नोकरी गेली तर इथे राहण्याचा परवाना जाईल, आणि संहिताचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. काय करू?

तुमचा प्रताप

मलवडी, २१ सप्टेंबर २००६

चि. प्रतापास अनेक आशीर्वाद.

पैकीच्या पैकी दिले ते तुझ्या अक्षराला, उगाच फुशारू नकोस.

तुझ्या वहिनीचं म्हणणं, नारळ फोडावा, खोबरं खावं, पोरीचं वर्ष घालवू नये. दोन दिवस मीही तेच म्हणत होतो. मग जुनं पुस्तक काढलं. त्या आरमाराच्या सेनापतीने आधीच कळवलं होतं, की मला समुद्र ठाऊक नाही, या मोहिमेत यश दिसत नाही. दरबाऱ्यांनी ते पत्र राजापुढे जाऊच दिलं नाही. निशाणाला मात्र चर्चमध्ये आशीर्वाद घेतला. सेनापती लिहून गप्प बसला आणि निघाला. हजारो माणसं परतली नाहीत.

तूही लिहिलंस. पण दिलंस कुणाच्या हातात?

दिनकर

हार्लेम, ३ ऑक्टोबर २००६

ती. दादांना शि. सा. नमस्कार.

आज घरी बसलोय. कामावर येऊ नका, असा निरोप आला. परवान्याचं काय होईल ठाऊक नाही. संहिता इंग्रजीत म्हणाली, बाबा, तुम्ही घरी का बसलात, ते मी शाळेत सांगणार. वहिनींना सांगा, नारळ देवापुढे ठेवलाय. दोन्ही भाग जुळले की फोडीन.

काल हॉस्पिटलच्या तळघरात सर्व्हरला हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं तयार होतं. शशिकांत म्हणाले, काका, तुमच्या हाताला यश आहे, होऊन जाऊ द्या. मी म्हटलं, देवाला रोज नमस्कार करतो, पण आपण न केलेल्या कामावर त्याची सही मागणार नाही. ते पुटपुटले, परवान्याचा विचार करा. म्हटलं, केला, तुम्ही रोग्यांचा करा.

नारळ पिशवीत टाकला आणि जिना चढलो. शनिवारी तुमचं पत्र आल्यावर मी हरकत पुन्हा डचमध्ये लिहिली होती, पाच गोळ्यांचा कागद जोडून. कुणाच्या हातात, विचारलंत ना? हॉस्पिटलच्याच औषधविभागाच्या प्रमुख बाईंच्या हातात दिली, आणि त्यांनी शेवटची ओळ वाचेपर्यंत समोरून हललो नाही.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमचा प्रताप