गाडी झाली की निघतो

३ नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. डोकं शांत राहतं म्हणतात. माझं शांतच आहे, पण तरी.
झालेलं नोंदवून ठेवतो. काल जिंतूरला बायकोच्या भाचीचं लग्न. सेलूहून तासाभराचा रस्ता. निम्म्यात गाडी बंद, बॉनेटमधून वाफ. सुकेशनी म्हणाली, एसटीनं जाऊ. मी म्हणालो, दहा मिनिटं थांब. जावई माणूस एसटीतून घामेजून उतरला तर सासुरवाडीत काय राहिलं? तीन एसट्या सोडल्या. चौथीला तिनं स्वतःच हात केला. चढताना म्हणाली, "तुमी ऱ्हावा गाडीसंग."
ती पोचली तेव्हा पंगती उठत होत्या. लग्न हुकलं ते हुकलंच. आता तिकडंच भावाकडं राहिली आहे. दोन दिवसांत राग उतरेल. तीस वर्षांचा अनुभव आहे.
गाडी ट्रॅक्टरला टोचन लावून भुजंग मिस्त्रीच्या गॅरेजवर आणली.

४ नोव्हेंबर
भुजंग म्हणाला, रेडिएटर गेलं, परवा देतो. मला 'सर' म्हणतो. कॉलेजच्या लॅबमध्ये सहायक होतो हे त्याला सांगितलं नाही. माणसाची पारख आहे त्याला.
पण गॅरेजवाले चांगला माल काढून जुना बसवतात हे मी जाणून आहे. छत्तीस वर्षं काचेची नळीसुद्धा इकडची तिकडं होऊ दिली नाही. मुलगी संघप्रिया नाशिकला असते, तिची जुनी नेलपॉलिश कपाटात सापडली. चारही टायर, स्टेपनी, बॅटरी, सगळ्यांवर गुपचूप लाल ठिपका दिला.
संकल्प: परवा थेट जिंतूर. दारात हॉर्न.

७ नोव्हेंबर
रेडिएटर झालं. आता गॅस्केट. "इंजन खोलल्याबिगर कळत न्हाई, सर." बरोबर आहे. प्रामाणिक वाटतो.
दोन्ही वेळ खिचडी. खाली लागली. शेजारच्या चांगुणाबाईंनी विचारलं, सुकेशनीताई कधी येणार. गाडी झाली की आणतो, म्हणालो. एसटी आहे की, म्हणाल्या. या बाईंना प्रेस्टिज कळत नाही.

१२ नोव्हेंबर
संघप्रियाचा फोन. आई म्हणते, बाबांनी एसटीनं यावं, गाडीनं नको. आले तर त्याच पावली त्यांच्याबरोबर येते.
शिवाय असं की, एक तारखेपासून संघप्रियाची ड्यूटी परत सुरू. बाळाला सांभाळायला आईला बोलावते आहे. त्याआधी मी आईला घरी आणलं तर संघप्रिया दुसरी सोय बघेल. नाहीतर आई नाशिकला, आणि मग वर्षभर तरी सोडणं शक्य नाही.
म्हणजे अठरा दिवस आहेत. भरपूर. गाडी झाली की निघतो, म्हणालो. तिकडून फोन कट झाला. लाइन खराब असावी.

१५ नोव्हेंबर
स्टँडवर पाथरीची जीप उभी. पुढच्या टायरवर लाल ठिपका. माझाच.
तडक गॅरेजवर. भुजंगला फैलावर घेतलं. तो शांत. म्हणाला, गाडी एका जागी उभी राहिली की टायर खालून चपटं होतं, म्हणून जरा फिरवायला दिलंय. याला शास्त्रीय आधार आहे. टायर परत आलं.
तरी गाफील राहायचं नाही. उद्यापासून सकाळी नऊ ते संध्याकाळी सात गॅरेजवर हजर.

१८ नोव्हेंबर
भुजंगनं माझ्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली आहे. चहा तीनदा. आज सहा माणसांशी बोललो. लक्ष ठेवायचं तर बोलावं लागतंच.
घरी गेल्यावर टीव्ही लावला. आवाज असला की बरं वाटतं.

२१ नोव्हेंबर
सकाळी गॅरेजवर गेलो तर गाडीच नाही. ट्रायलला गेली, असं बाजूच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं. दिवसभर खुर्चीत. संध्याकाळी गाडी आली. आत भुजंग, त्याची बायको, दोन पिशव्या आणि गवारीचं गाठोडं. बायको दोन महिने मानवतला माहेरी रुसून बसली होती. तिला आणायला गेला होता. माझ्या गाडीतून.
संतापलो. पण एका अर्थी चांगलंच. गाडी बायको आणण्याइतपत दुरुस्त झाली. किल्ली मागितली. भुजंग म्हणाला, येताना क्लच घसरायला लागला, प्लेट बदलावी लागेल.
जाताना सहज विचारलं, काय बोललास तिला? माझ्यासाठी नाही, माहिती म्हणून. तो म्हणाला, "काय बोलायचंय, सर. गेलो, दारात हुबा ऱ्हायलो, चल म्हणलो."
त्यांच्यात चालतं तसं. माझी अडचण तांत्रिक आहे.

२६ नोव्हेंबर
क्लच प्लेट परभणीहून यायची आहे.
इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर गेलो. नुसती चौकशी. जिंतूरला दर अर्ध्या तासाला एसटी आहे. एक लागलेलीच होती. आत जाऊन बसून पाहिलं. खिडकीची जागा मिळाली. मग कंडक्टर चढला तर कॉलेजचा जुना विद्यार्थी नागनाथ. सर, गाडी घेतली होती ना, असं विचारलं असतं त्यानं. मागच्या दारानं उतरलो. सीटही फाटकीच होती.
संकल्प: तीस तारखेला काहीही झालं तरी.

३० नोव्हेंबर, दुपारी ३, गॅरेजवरून
प्लेट आली. भुजंग आत्ता बसवतो आहे. अशा वेळी हलणं धोक्याचं, जुनीच बसवायचा. जेवायलाही घरी गेलो नाही, वडापाव खाल्ला.
सुकेशनीचा फोन. अकरा वीसला, एक वाजता, आत्ता पुन्हा. महिन्यात पहिल्यांदाच. नरमली. मुद्दाम उचलला नाही. संध्याकाळी एकदम गाडीच दारात दिसू दे तिला. सरप्राइज.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी ८
प्लेट बसली नाही. साइज वेगळा निघाला.
घरी आलो तर चांगुणाबाई पायरीवर, हातात घराची किल्ली. सुकेशनी येऊन गेली. सकाळच्या एसटीनं. घर झाडलं, माझे कपडे धुतले, भाकरी आणि वांग्याची भाजी केली. दोन ताटं वाढून बसली होती म्हणे. जेवायला येतील, म्हणाली. चार वाजेपर्यंत बसली. चांगुणाबाई म्हणाल्या, गॅरेजवरच आहेत, पाच मिनिटं लागतात, बोलावून आणते. तर म्हणाली, "नका बलावू. बलावून आले तर काय उपयोग हाय."
मग आपली शाल आणि गोळ्यांचा डबा घेऊन स्टेशनवर गेली. साडेसहाच्या रेल्वेनं नाशिकला.
गॅरेजमधून रेल्वे दिसते. साडेसहाची गेली तेव्हा मी भुजंगला म्हणालोसुद्धा, आज अगदी वेळेवर आहे.
भाजी गार झाली होती. तशीच खाल्ली. मला रडू आलं. इथं लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१ डिसेंबर, सकाळी ११
भुजंगचा फोन. योग्य साइजची प्लेट मिळाली, बसवली. गाडी एकदम ओके. घेऊन जा म्हणाला.
कुठं जायचं ते सुचेना. म्हणालो, घाई नाही, ब्रेकसुद्धा बघून घे एकदा. ब्रेक चांगले आहेत, म्हणाला. तरी बघ, म्हणालो.
मग चप्पल घातली आणि खुर्चीवर जाऊन बसलो.