बारा ओळींची नक्कल

३ मार्च, सोमवार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. हसू नकोस, चार वर्षांनी लिहितेय, एवढं वाकायलाच हवं. आई बरी आहे. तिचा चष्मा बदलला.

तुझा रक्तपेढीचा प्रोग्राम आता मी सांभाळते. तू म्हणायचास, "चालतोय म्हणजे निरोगी असं नाही. बिघडलेल्या कोडलाही वास येतो." मला तो यायला लागला.

रक्तदान शिबिरातल्या पिशव्यांची मुदत तंत्रज्ञबाई अजून बोटांवर मोजतात. का विचारलं, तर म्हणाल्या, "एकदा पोळलोय गं बाई." साहेबांनी बजावलं, "चालत्या गाडीला हात लावू नकोस." पण कुठेतरी पाणी मुरत होतं. कोडचे एकसारखे तुकडे हुडकणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला, अन् सापडलं! मुदत मोजणाऱ्या बारा ओळी तू एकाच जागी ठेवल्या होत्यास, चुकाही तिथेच सुधारल्यास. त्यांची एक जुनी नक्कल मात्र शिबिरांच्या भागात पडून होती. तिच्यात फेब्रुवारी तीस दिवसांचा, म्हणजे मुदत दोन दिवस आधीच संपायची. म्हणून चार वर्षांपूर्वी त्या मार्चमध्ये चाळीस चांगल्या पिशव्या बाद ठरल्या.

म्हणून तुझी नोकरी गेली.

कुठली ओळ कुणी घातली याची नोंद असते. तिथे तुझं नाव नाही, दादा. माझं आहे. तू रजेवर होतास, मी नवशिकी. उचललं नि चिकटवलं.

आणखी एक. तुला काढलं त्याच दिवशी मला माझी शंका आली होती. नोंद दोन मिनिटांत उघडता आली असती. भ्यायले. मग तुझ्याशी बोलायचंच टाळलं.

शुक्रवारी भरल्या बैठकीत सगळं सांगितलं. साहेबांनी नोंद स्वतः वाचली. मग म्हणाले, "आपण भलत्याच माणसाला बोल लावला." नक्कल काढून टाकली. परवा एक मार्चला एकशे बारा पिशव्या तपासल्या, एकही चुकून बाद नाही! तंत्रज्ञबाईंनी दोनदा ताडून पाहिलं आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय. काय सांगू दादा, इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं!

साहेबांचं माफीपत्र सोबत आहे, सहीशिक्क्यासह. ते तुला परत बोलावताहेत. माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, ठरू दे.

मी माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील. आधी घरी येऊन मनसोक्त रागाव.

तुझी गुन्हेगार, पण आज ताठ मानेची
धाकटी