तुझ्या नावाचा घास

प्रिय आये,

तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही. आश्रमशाळेतून आठवीत पळून आलो तेव्हा तू म्हणाली होतीस, "काश्या, पुढं कागद कोणाकडून लिहून घेशील?" बघ, स्वतःच लिहितोय! आज शुक्रवार, सुट्टी. खोलीतले सगळे बाजारात गेलेत. सकाळी सुशीशी फोनवर जे बोललो ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

घरात नवी नागली येऊन दोन महिने झाले. नवा भातही आलाय. दोन्ही कणगीत तशीच पडून आहेत. तू श्रावणात गेलीस, म्हणून या सालचा पहिला घास पळसाच्या पानावर तुझ्या नावानं ठेवायचा, आणि तो थोरल्यानंच ठेवायचा, असं बाचं म्हणणं. तोवर नवं कोणी तोंडाला लावायचं नाही. आता थोरला मी, आणि मी इथं मस्कतला. सुट्टी चैत्रात. त्याआधी पासपोर्ट कंपनीच्या कपाटातून निघत नाही. तू तापानं चार दिवसांत गेलीस तेव्हाही निघाला नाही. तुला मी फोनच्या काचेत पाहिलं. त्यातही नेटवर्क गेलं आणि तुझं तोंड अर्धंच दिसत राहिलं. तेवढंच पाहिलं गं मी!

माझं काम तुला कधी पटलं नाही. एकदा व्हिडिओवर तुला इथली हिरवळ दाखवली होती, आठवतं?

"काश्या, केवढं गवत रे! गुरं किती हायेत मालकाची?"

"गुरं नाहीत आये."

"मंग कापता कशाला?"

"वाढतं म्हणून."

"आन् कापून?"

"फेकून देतो."

सुरगाण्याच्या डोंगरात उन्हाळ्यात दोन हंड्यांसाठी तू विहिरीच्या तळाशी उतरायचीस, आणि मी दिवसभर वाळूतल्या गवतावर पाणी सोडतो. पहिल्या वर्षी त्या पाण्याच्या आवाजानं मला रडू यायचं. आता येत नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

मी कुठला, हेच मला कळेनासं झालंय. नाशिकला गंगापूर रोडच्या बंगल्यात बागकाम करायचो तेव्हा तिथल्या बाई मला 'ए सुरगाणा' म्हणून हाक मारायच्या. इथं सगळे 'बॉम्बे' म्हणतात. मुंबई मी विमान पकडण्यापुरती पाहिली! गावात गेलो की 'दुबईवाला आला'. मस्कत वेगळं हे सांगून थकलो. वरच्या खाटेवर केरळचा बशीरभाई असतो. तो म्हणतो, "बॉम्बे, तू नसीबवाला, दो-दो घर है तेरा." मी म्हणालो, "हां भाई, दोनों में मेहमान."

पाहुणा मला तू केलंस आये. रागावू नको, पण केलंस!

सुरुवात माझीच होती, कबूल. पहिल्या सुट्टीला आलो तेव्हा तू नागलीची भाकर आणि उडदाची आमटी केली होतीस. चुलतभाऊ समोर बसलेले, माझ्या हातात नवं घड्याळ. मी म्हणालो, "ही आता पचत नाही मला. चपाती नाही का?" तू लगेच उठून गुरुजींच्या घरून गव्हाचं पीठ मागून आणलंस. तेव्हापासून मला खुर्ची, स्टीलचं ताट, चपाती. तुम्ही सगळे खाली चुलीपाशी, भाकर मोडून खाताय. तिचा वास यायचा मला, पण मागायची लाज वाटायची. एकदा तरी म्हणायचंस, "गप खा मेल्या!" का नाही म्हणालीस? बैलांना चला म्हणायच्या ऐवजी चुकून अरबीत "यल्ला, यल्ला" म्हणालो तेव्हा तर पोट धरून हसलीस. "बैलांना कळलं रे, तुझ्या बाला नाय कळलं!" तसंच त्या ताटालाही हसायचं होतंस की!

आता जे लिहितोय ते कोणाला सांगू नको.

सुशी दर शुक्रवारी सांगायची, "दादा, जुनी नागली संपली. रेशनचा भात बा दोन घास खातो नि उठतो. तू कवा येशील ते तरी सांग." मी म्हणायचो, बघतो, बघतो. आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटायचं. हो, बरं! माझ्यावाचून घर अडलंय. मी नाही म्हणून तिथं नवं शिजत नाही. हे धरून ठेवलं तरच मी तिथला, सोडलं की मी खरंच 'बॉम्बे' झालो, असं वाटायचं. इथं मी अडकलो, म्हणून त्यांनाही अडकवून ठेवलं. बाला उपाशी ठेवलं गं मी!

आज सुशीनं फोन बाच्या दिशेनं फिरवला. बा अंगणात उन्हाला बसला होता. सदरा नुसता लोंबत होता, मनगटाचं हाड वर आलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं,

"सुशे, घास तू ठेव."

"मी? पोरीच्या जातीनं?"

"आयच्या उशाशी चार दिवस कोण बसलं होतं? मी?"

ती रडायला लागली. बानं फोन घेतला. वाटलं, आता शिव्या खाणार.

"बरं," तो म्हणाला. "तुझा वाटा काढून ठेवतो."

"नको बा. चैत्रापर्यंत कीड लागेल."

"येडा का काय? नागलीला कीड लागती का कधी? दहा वर्सं ठेव, हाय तशी राहती. इसरला?"

विसरलो होतो आये. नागलीच्या घरात जन्मून विसरलो होतो!

फोन ठेवला आणि मी खाटेवर बसलो. एरवी शुक्रवारी माझा पाय खोलीत ठरत नाही, गेटपर्यंत जातो नि परत येतो, दहा वेळा. आज उठावंसंच वाटलं नाही. तसं सुटलं काहीच नाही. पासपोर्ट कपाटातच आहे, खिडकीबाहेर तीच भिंत आहे, उद्या पहाटे तीच गाडी न्यायला येणार. पण कितीतरी दिवसांनी जीव एका जागी बसला. हे काय असतं, तुला माहीत असेल.

संध्याकाळी सुशी पान मांडेल, तुझं नाव घेईल. तू ये. माझी वाट बघत बाहेर उभी राहू नको.

चैत्रातली सुट्टी मिळेल की नाही, माझ्या हातात नाही, म्हणून येण्याचं वचन देत नाही. एवढंच देतो: यापुढं नवं निघेल तेव्हा माझ्यापायी कोणी उपाशी थांबणार नाही. मी तिथं असलो तर चुलीपाशी खाली बसेन. नसलो तर सगळ्यांच्या आधी इथून मीच ओरडेन, "बसा रे जेवायला!"

तुझ्या घरातलाच,
काश्या