गुरुवारची बुलेट

कोल्हापूर,
सप्टेंबर २००३

प्रिय धैर्या,

“तुला कान न्हाय, पान्हा ठेव खाली.” बारा वर्षांपूर्वी आण्णांनी गॅरेजात, चार गिऱ्हाइकांदेखत, तुला एवढंच सुनावलं होतं. तू पान्हा ठेवलास आणि गेलास तो गेलासच. गोव्यात असशील, असं आम्ही धरून चाललो.

आता तुझ्या दाजींचं सांगते. ते दर गुरुवारी काजूगर आणायला चंदगडला जातात. हे तुला माहीत असेलच. आणखी काय काय माहीत आहे, त्याचाच मला संशय आहे. उन्हाळ्यात त्यांनी बुलेटला बाहेरचा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. तेव्हापासून गाडी तापली की बंद पडायची, रेस सोडली की फटाके फोडायची. आण्णांना न दाखवता ती इथल्या दुसऱ्या मेस्त्रीकडं नेली, त्यानं नुसती रेस वाढवून दिली, मग ती उभ्या जागी बोंबलायला लागली. मी आण्णांसारख्या मेस्त्रीची लेक, मला ते ऐकवेना. आणि एका गुरुवारी गाडी परत आली ती शांत, एका लयीत ठोके देत. एवढी सुरात कुणी लावली म्हटलं, तर म्हणाले, “हाय की एक मेस्त्री.” नाव सांगेनात. आणि त्यांच्या रुमालाला लाल नेलपॉलिश!

हसू नकोस. वीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा नवऱ्याचे खिसे तपासले. शर्ट हुंगले, तर पेट्रोलचा वास. डागाचं विचारलं, तर म्हणाले, “कुक्कू असंल.” कुंकू धुतल्यावर जातं रे. पुढचे तीन गुरुवार मी त्या न पाहिलेल्या बाईशी मनातल्या मनात भांडत होते. तिला चांगली साडीही नेसवली होती.

रविवारी ते आंघोळीला गेल्यावर मी गाडीजवळ उकिडवी बसले. कार्ब्युरेटरच्या हवेच्या स्क्रूवरून बाजूच्या धातूपर्यंत एक बारीक लाल रेघ होती. दुसऱ्या कुणी स्क्रू फिरवला तर रेघ तुटावी, म्हणून ओढलेली. माझ्या नेलपॉलिशच्या बाटलीतून चोरून अशा रेघा ओढणारा आख्ख्या कोल्हापुरात एकच होता. माझ्या हळदीला ती बाटली कोरडी निघाली होती, आठवतं? मी तिथंच बसून रडले. मग दाजींचा दुप्पट राग आला. न सांगण्याची शपथ तूच घातली असणार.

आण्णा आता माझ्याकडेच असतात, पण गॅरेज सोडत नाहीत. त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि ते कुणाला सांगत नाहीत. गाडी चालू करून टाकीवर तळहात ठेवतात, ऐकल्यासारखं तोंड करतात. त्यांनी लावलेल्या गाड्या आठवड्यात परत येतात. गिऱ्हाईक तुटत चाललंय. परवा त्यांनी आमच्या बुलेटच्या टाकीवर बराच वेळ हात ठेवला. म्हणाले, “ज्यानं लावली त्याला कान हाय.” मग दाजींकडं बघितलं, आणि दाजींनी जमिनीकडं. आण्णांनाही संशय आलाय, की त्यांना सगळं आधीच माहीत आहे? या घरात आता मला कुणाचाच भरवसा वाटत नाही.

दाजींना तुझा पत्ता विचारला तर ते खोटं बोलतील. म्हणून हे पत्र त्यांच्या नकळत बुलेटच्या टूलबॉक्समध्ये, पान्ह्यांच्या खाली ठेवते आहे. तिथवर हात घालणारा तूच. तू खाली ठेवलेला तो पान्हा आण्णा अजून दर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मांडतात. कुणाचा म्हणून ते सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही. यंदा त्या सकाळी ये. त्यांच्यासमोर तो पान्हा उचल आणि त्यांच्या जुन्या गाडीची आयडलिंग लाव. बोलू नकोस काही. तू नाहीच म्हणशील, तुम्हा दोघांचा हट्ट सारखाच. तरी ये.

तुझीच,
आक्का