लक्ष्म्या उठवत नसतात

पेढीकाठ, तालुका भातकुली
ता. ९ सप्टेंबर

चि. ओमप्रकाश यास आईचा आशीर्वाद.

मी खुशाल आहो. तुमी दोघंही असालच. अकोल्यात तिसऱ्या माळ्यावर पाणी कुठून येते.

तुहा फोन मीच उचलत नाई, मंजुषावर उगाच चिडू नको. फोनवर तू मधात बोलतं. कागदावर मधात बोलता येत नाई, म्हून सातवीपर्यंतचं शिक्षण आज कामी लावून राहिली.

पुरात वावरातला झेंडू गेला. न्हाणीघर पडलं. कोठीतली ज्वारी सडली, वास गल्लीभर आहे. मंजुषाचा हात मोडला, अमरावतीले नेऊन प्लास्टर केलं. गोपाल तुहं नाव निघालं की उठून गोठ्यात जाते. रागिणीले सांग, तिनं लक्ष्म्यांसाठी पाठवलेल्या साड्या वाहून गेल्या. तशाही पातळच होत्या.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. पुरण शिजलं होतं, आंबील चुलीवर होती. कोतवाल सांगून गेला, नदी वाढून राहिली, समदे शाळेत चला. मी लुगडं खोचून तयारच होती. देवी काही बुडत्या घरात बसा म्हणत नाई, एवढी अक्कल मले आहे. गोपालनं तुले फोन लावला. म्हणे, दादा, शाळेच्या गर्दीत आईचा दमा वाढीन, रस्ता चालू आहे तोवर गावातल्या चंदनच्या जीपनं तिले तुह्याकडं आणून सोडतो.

तवा तुले कुळाचार आठवला. म्हणे, लक्ष्म्या एकदा बसल्या की उठवत नसतात, आईनं घर सोडलं तर घराण्याले दोष लागते. वा रे शास्त्रीबुवा. जलमात कधी मुखवटा पुसला नाई, पंगतीच्या वक्ताले येते, पान खाऊन जाते, अन् तो आमाले रीत सांगते. शाळेत जायले काढलेला ट्रॅक्टर शेजारच्यांले देऊन टाकला अन् आमी घरातच बसलो.

आरती चालू असतानी पाणी मागच्या दारानं आलं. मी दोन्ही मुखवटे पदरात बांधले. होय, मीच उठवल्या. आंगणात कंबरभर पाणी होतं. मंजुषानं मले धरून चालवलं, तवाच न्हाणीची भिंत आंगावर आली. तिनं मले लोटलं अन् सोताचा हात मधात घातला.

शाळेत लक्ष्म्या दुसरीतल्या पोरायच्या बाकावर बसल्या. गावातल्या धर्मपालच्या बायकोनं, शकुननं, भाकर-ठेचा आणला, तोच निवद दाखवला. त्या काही रागावल्या नाईत.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो म्हटलं. गोपालचा फोन स्पीकरवर होता, बाबू. तू कुळाचार सांगायच्या आधी रागिणीनं मागून इचारलं, "किती दिवस?" अन् तू तिले हळूच म्हटलं, "थांब, मी पाहतो." तू बरोबर पाह्यलं. देवीच्या लुगड्याआड लपून मायले दारातून वापस लावलं. दोष लागीन म्हणे. भित्रा तर तू लहानपणापासूनच होता, पण इतका हलका होशीन असं वाटलं नव्हतं.

गोपालनं मान खाली घातली. मंजुषा माह्या तोंडाकडं पाहून राहिली होती. लहान सुनेसमोर तुही लाज निघाली, ते मले सहन झालं नाई. म्हून मीच म्हटलं, दादा बरोबर सांगते, बसा. तुहं झाकायले मी बसली, अन् हात तिचा मोडला. तिनं अजून एका शब्दानं बोलून दाखवलं नाई. दिवसभर एका हातानं भाकरी थापते.

पुढच्या वर्षीपासून लक्ष्म्या गोपालच्या नावानं बसतीन. तुले जेवायचं बोलावणं येईन. पावण्यावानी ये, पोटभर जेव अन् जा. किती दिवस, असं मी इचारणार नाई.

गोपालची आई,
पार्बताबाई