लाभाचा चौघडिया आणि तीन बाद उड्या

पासिर रिस, सिंगापूर
सोमवार, ९ जून २०२५

चि. पद्माकर,
आशीर्वाद आहेतच, पण आज रागाच्या खाली दबलेत.

शनिवारी, ७ जूनला, इथल्या वेळेनुसार दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी तू चैत्रालीला फोन केलास. तुझी लेक तेव्हा विद्यापीठाच्या मैदानावर बांबूउडीच्या अंतिम फेरीची वाट बघत होती. मी आदल्या दिवशीच कळवलं होतं. पण पुण्यात लाभाचा चौघडिया लागला होता ना! "उद्या मुलाकडचे व्हिडिओवर बघणार आहेत, तोंडावर खरचटून घेऊ नकोस." एवढंच बोललास. मी तीस वर्षं शाळेत पालकसभा घेतल्या, असा पालक पाहिला नाही.

पोरगी तिन्ही वेळा धावली आणि ऐनवेळी कचरली. तिन्ही उड्या बाद. लागलं कुठेही नाही, काळजी नको. जेवते मात्र कमी.

तिच्या कोच मिस हार्ग्रीव्ह एकेकाळी ब्रिटनच्या विजेत्या होत्या. त्या म्हणाल्या, "पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत माझंही हेच झालं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी गाडीच्या टपावर पोल बांधून मला सरावाला नेलं. पुढे चारदा जिंकले."

तेव्हापासून चैत्राली विचारते, "आत्या, बाबा काय म्हणाले?" काय सांगू? तू मला फोनवर ऐकवलास तो मुलाचा पगार सांगू?

उर्मिलाचा गुडघा कसा आहे? पोरगी आईची चौकशी करते.

पुढची स्पर्धा ५ जुलैला आहे. तू येणार की नाही, ते तिला स्वतःच्या अक्षरात लिही. मैदानावर जाताना बॅगेत ठेवता येईल असं पत्र हवं. शुक्रवारी, २७ जूनला, संध्याकाळी सहाच्या आत ते तिच्या हातात पडलं पाहिजे.

तुझी,
ताई